गळ्यात माळ, धुऱ्यावर तार



चांगदेवांच्या भेटीचा प्रसंग तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. मी तो नारदाच्या गादीवर उभा राहून जवळजवळ पन्नास वर्षे सांगितला. चौदाशे वर्षांचे तपस्वी चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा आसूड घेऊन निघाले. इकडे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही भावंडे भिंतीवर बसली होती. पाहुणा येतो आहे, त्याला सामोरे गेले पाहिजे, म्हणून माउलींनी भिंतीलाच चालायला सांगितले आणि भिंत चालली. चांगदेवांचा अभिमान गळाला. इथे मृदंगावर थाप पडली की श्रोते डोलायचे, कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचे आणि मी पुढच्या प्रमाणाकडे वळायचो.

सेलू तालुक्यात, हिंगणीच्या बाजूच्या एका गावी सप्ताहात मी हाच प्रसंग लावला होता. आरती झाली, मंडळी पंगतीकडे निघाली. एक म्हातारा गुराखी जवळ आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, चांगदेव तं शरण गेले. पन त्या वाघाचं मंग काय झालं जी?" भोवतालचे चार जण हसले. मीही हसलो. "अहो, दृष्टांत सिद्धांतापुरताच घ्यायचा असतो," असे काहीतरी बोलून मी पंगतीला बसलो. पुढे कळले की त्याच महिन्यात बोरच्या जंगलाच्या कडेला त्याची गाभण गाय वाघाने मारली होती. ज्याची गाय गेली तो वाघाची चौकशी करीत होता आणि ज्याने वाघाची कथा सांगून बिदागी घेतली तो हसत होता.

आज माझे वय शहात्तर आहे. आवाज बसला, कीर्तन सुटले. गुराख्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र द्यायचे राहिले, ते या लेखातून देतो. ते कडू आहे. आपल्या माणसाला कडू बोलण्याचा अधिकार आपल्या माणसालाच असतो, म्हणून बोलतो.

त्या वाघाचे काय होते, हे आपल्या वर्धा जिल्ह्याला चांगले ठाऊक आहे. तो आपल्या शेताच्या धुऱ्यावर येतो आणि आपण लावलेल्या जिवंत तारेला लागून मरतो.

पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांसाठी सांगतो. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. सोयाबीन शेंगेवर आले, चना घाट्यावर आला, तुरीला फूल लागले की रानडुकरांचे कळप आणि रोही रात्री शेतात शिरतात. त्यांना अडवायला काही शेतकरी धुऱ्यावर वीतभर, हातभर उंचीच्या खुंट्या ठोकतात, त्यावरून लोखंडी तार फिरवतात आणि दिवस मावळला की त्या तारेत विजेच्या खांबावरचा प्रवाह सरळ सोडतात. कुणी मोटारीच्या पेटीतून जोडतो, कुणी तारांवर आकडा टाकतो. पहाटे उजाडण्याआधी तार गुंडाळून ठेवतात. दिवसा त्या शेतात जा, तुम्हाला काही दिसणार नाही. रात्री त्या तारेला जो शिवेल तो मेला. डुक्कर शिवले तर डुक्कर, बैल शिवला तर बैल, वाघ शिवला तर वाघ आणि माणूस शिवला तर माणूस.

आता मला सांगा, ही तार लावणाऱ्यांत माळकरी नाहीत का? आहेत. मी त्यांच्या घरी जेवलो आहे. अंगणात तुळस आहे, एकादशीला घरात साबुदाणा शिजतो, ताटात कांदा-लसूणही चालत नाही. संध्याकाळी हरिपाठ म्हणून झाला की तो भला माणूस काठी-कंदील घेऊन शेतात जातो, खटका दाबतो आणि घरी येऊन निजतो. सकाळी काकड्याला पुन्हा हजर. अंडे शिवले तर माळ बाटते असे मानणाऱ्या गावात धुऱ्यावर मेलेले जनावर पाहून माळेला काहीच होत नाही. ही कोणती वैष्णवता?

२०१७ साली आपल्या जिल्ह्यात काय घडले ते आठवा. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडे माणसांवर हल्ले करणारी एक वाघीण पकडून, गळ्यात रेडिओ पट्टा बांधून, जुलैमध्ये बोरच्या जंगलात सोडली. ती तिथे थांबली नाही. आष्टी-कारंजाच्या पट्ट्यात ती फिरत राहिली, इकडेही माणसांचे बळी गेले. लोक शेतात जायला भीत होते, आणि ती भीती खरी होती. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, न्यायालयाने परवानगी दिली. बंदूकवाले तिच्या मागावर होते. पण ऑक्टोबरमध्ये ती मेली ती कारंजा तालुक्यात, सिंदीविहिरी शिवारात, शेताभोवतीच्या विजेच्या तारेला लागून. न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकून जो निर्णय दिला होता, तो तारेने कुणाचेच न ऐकता अमलात आणला.

त्या दिवसांत मी लोकांच्या तोंडून ऐकले, "बरं झालं, देवानंच मारली." मायबापहो, यात देवाला ओढू नका. ती तार वाघिणीसाठी नव्हती. ती डुकरासाठी होती. त्या रात्री त्या वाटेने वाघीण आली म्हणून वाघीण मेली. माणसांना मारणारी नसलेली, तीन बछड्यांची आई असती तरी तारेने तेच केले असते. आणि त्या वाटेने शेजारचा पोरगा आला असता तरीही तेच केले असते.

हे मी उगीच म्हणत नाही. इथे मला माझे पाप सांगावे लागेल.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नाही. सप्ताह चालू होता. रात्रीचे कीर्तन संपले, हरिजागर सुरू झाला. शेजारच्या टोल्यावरचा एक तरुण टाळकरी पहाटे तीनच्या सुमारास घरी निघाला. गाडरस्त्याने जायचे तर फेरा पडतो, म्हणून तो शेतातून निघाला. सकाळी तो धुऱ्याशी पडलेला सापडला. गळ्यात टाळ तसेच होते. लोक गोळा होईपर्यंत तार गुंडाळली गेली होती. शेत कुणाचे होते हे सगळ्यांना माहीत होते. त्या वर्षीचा काल्याचा महाप्रसाद ज्यांच्याकडे होता, त्यांचेच. "शॉक लागला" एवढेच गाव बोलले. पुढचे कुणी बोलले नाही आणि मीही बोललो नाही. दोन दिवसांनी काल्याचे कीर्तन मी केले आणि त्याच यजमानाच्या हातून नारळ, उपरणे आणि बिदागी घेतली.

दहाव्या दिवशी मला प्रवचनाला बोलावले. मी आळंदीला शिकलेला माणूस, शब्दांना तोटा नव्हता. मी प्रारब्ध सांगितले. भोगल्यावाचून ते सुटत नाही, ज्याची दोरी जितकी तितकीच, असे सगळे सांगितले. बायका रडल्या, पुरुषांनी माना हलवल्या आणि यजमानही हात जोडून पुढे बसले होते. प्रवचन संपल्यावर त्या पोराची आई आली. ती म्हणाली, "महाराज, तुमी परारब्ध म्हनलं ते खरं असन. पन खटका तं कोनीतरी दाबला असन ना जी?"

त्या बाईला एक अक्षर येत नव्हते. पण कर्मविपाकाचा जो विवेक मी चार वर्षे घोकला होता, तो तिने एका वाक्यात माझ्यापुढे ठेवला.

आपल्या शास्त्राने कर्माचे तीन भाग सांगितले आहेत, तुम्हाला ते पाठ आहेत. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. जुना दृष्टांत बाणांचा आहे. भात्यात साठलेले बाण ते संचित, धनुष्यातून सुटलेला बाण ते प्रारब्ध आणि हातात धरलेला बाण ते क्रियमाण. सुटलेल्या बाणापुढे इलाज नाही. पण हातातला बाण सोडायचा की नाही, हे आपल्या हाती आहे. तिथेच मनुष्यजन्माचे मोल आहे, नाहीतर संतांनी उपदेश तरी कशाला केला असता? जी तार रोज संध्याकाळी नव्याने लावावी लागते, जिचा खटका रोज नव्याने दाबावा लागतो, ती प्रारब्ध कशी होईल? ती निखळ क्रियमाण आहे. मी हातातल्या बाणाला सुटलेला बाण म्हटले. यजमानाला वाचवले, गावाची तोंडदेखली शांती राखली आणि एका आईला खोटे सांगितले. शास्त्राच्या नावाने खोटे सांगितले, म्हणून ते पाप दुप्पट.

म्हणून माझे पहिले भांडण माझ्या भाऊबंदांशी, कीर्तनकारांशी आहे. आपण नामदेवरायांचा कुत्रा सांगतो, पोळी घेऊन पळाला तर नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले. नाथांचे तहानलेले गाढव सांगतो, रामेश्वराची गंगा त्याच्या मुखात घातली. पैठणचा रेडा सांगतो. कुत्र्याला तूप मिळाले, गाढवाला गंगा मिळाली, रेड्याच्या मुखी वेद आला. श्रोते टाळ्या वाजवतात. पण ज्या गावात उभे राहून हे सांगतो, त्याच गावाच्या धुऱ्यावर रात्री काय चालते हे आपल्याला ठाऊक असते, आणि तिथे आपली जीभ टाळूला चिकटते. कारण तार ज्याची असते तो बहुधा सप्ताहाच्या वर्गणीदारांत असतो. दारूवर आपण बोलतो, कारण दारुडा बिदागी देत नाही. हुंड्यावर हळूच बोलतो. तारेवर कुणी बोलल्याचे मी तरी ऐकले नाही, आणि मी स्वतः कधी बोललो नाही.

आता पूर्वपक्ष मांडतो. तुमच्या मनात जे येत असेल तेच बोलतो.

पहिला आक्षेप असा की, "महाराज, तुम्हाला शेतीची कळ नाही. रात्रीतून पाच-सात डुकरांनी चन्याचे वावर उपटून टाकले की कर्ज कुणाच्या बापाने फेडायचे?" मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. थंडीत मचाणावर जागल केली आहे, डबे वाजवले आहेत. रोह्याने तुरीत लोळण घेतली की काय उरते ते मी पाहिले आहे. हा आक्षेप खोटा नाही आणि शहरातून वाघ पाहायला जिप्सीत बसून येणाऱ्याने त्यावर शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नये. पण उपाय फक्त मारणारी तारच आहे का? सौर कुंपण आहे, त्याला आपण झटका मशीन म्हणतो. ते बॅटरीवर चालते, तारेतून क्षणाक्षणाला थांबून झटका देते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. चुकून माणूस लागला तरी हात झटकून बाजूला होतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना अशा कुंपणासाठी अनुदान मिळते. मात्र एक सावधगिरी सांगतो. मशीनची बॅटरी उतरली म्हणून त्याच तारेला घरची लाइन जोडली, तर ते पुन्हा यमाचे दावेच झाले. आणि नुकसानभरपाई वेळेवर मिळत नाही, पंचनाम्याला उशीर होतो, ही तुमची तक्रार असेल तर दिंडी घेऊन तहसीलीवर चला, मी काठी टेकत पुढे येतो. सरकारशी भांडण सरकारशीच करावे. ते धुऱ्यावर, रात्रीच्या अंधारात, मुक्या जनावराशी आणि वाटसरूशी करू नये.

दुसरा आक्षेप, "वाघ मारायचा हेतू कुठे होता? तार डुकरासाठी होती." हेतूचे म्हणाल तर ज्या तारेला कोण लागेल हे लावणाऱ्याला माहीत नाही, ती लावण्यातच हेतू आला. आणि डुकरासाठी होती म्हणजे काय? आपण वैष्णव ना? दशावतारांतला तिसरा अवतार कोणता ते आठवा. पृथ्वी दातावर उचलणाऱ्या वराहाला हार घालायचा आणि त्याच्या जातभाईला तारेवर भाजायचे! शिवाय व्यवहाराने पाहा. वाघ खातो काय? वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरे त्याला लागतात आणि त्यांत हरीण येते, सांबर येते, रोही आणि रानडुक्करही येते. जो तुमच्या शेताच्या शत्रूला फुकट मारतो, त्यालाच तुम्ही मारता. वाघ मेल्यावर डुकरे कमी होतील असे कुणाला वाटते?

तिसरा आक्षेप पंडिती आहे. "वाघ हिंस्र. अहिंसा मानणाऱ्या वारकऱ्याने मांसाहारी पशूचा कैवार का घ्यावा?" याचेही उत्तर शास्त्रातच आहे. पशूची योनी ही भोगयोनी. वाघाला प्रारब्धाचा भोग आहे, क्रियमाण नाही. त्याने गळ्यात माळ घातली नाही, हरिपाठ म्हटला नाही, कुणाला वचन दिले नाही. तो भुकेपुरते मारतो आणि पोट भरले की झोपतो. कर्मयोनी माणसाची. व्रत माणसाने घेतले आहे, म्हणून ते मोडण्याचा दोषही माणसाचाच. वाघाने हरीण मारले तर त्याचा धर्म राहिला. माळकऱ्याने तारेवर वाघ मारला तर माळकऱ्याचा धर्म बुडाला. हिंस्र कोण, हे आता तुम्ही ठरवा. आणि पसायदान सांगताना आपणच सांगतो की माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातली वाईट बुद्धी जावी आणि सर्व प्राण्यांत मैत्र व्हावे असे मागितले. त्या मागण्यातून वाघाला वगळणारे आपण कोण?

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो मी हलक्या हाताने बाजूला सारणार नाही. "महाराज, वाघ माणसे मारतो." होय, मारतो. चंद्रपूर जिल्ह्यात एकेका वर्षात वाघाने मारलेल्या माणसांची संख्या दोन आकड्यांत जाते. मरणारा कोण असतो? तेंदूपत्ता तोडणारी बाई, मोह वेचणारी म्हातारी, गुराखी, सरपण आणणारा. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला वाघ वाचवा असे सांगायला माझी जीभ धजणार नाही. त्या घराला भरपाई मिळाली पाहिजे, गावाला पहाटे-तिन्हीसांजेला जंगलात जावे लागू नये अशी सोय झाली पाहिजे, आणि खरोखर माणसावर उलटलेल्या वाघाचा बंदोबस्त कायद्याने झाला पाहिजे. पण तार हा बंदोबस्त नाही. तार माणूसमारी वाघ आणि लाजरा वाघ यांत भेद करीत नाही. उलट तारेने अर्धवट भाजलेले, जखमी जनावर शिकार करू शकत नाही, तेव्हा ते गावाकडे येते. माणसे वाचवायची म्हणून तार लावता, आणि त्याच तारेने माणसे मरतात. त्या टाळकऱ्याला वाघाने मारले नव्हते.

आता कुणी म्हणेल, "वाघाने आपल्या जंगलात राहावे, आमच्या धुऱ्यावर यावेच कशाला?" त्यासाठी बोरकडे एकदा नीट पाहा. १९७० साली बोर अभयारण्य झाले, २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचा गाभा अवघा १३८ चौरस किलोमीटरचा. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत तो मोडतो. पूर्ण वाढलेल्या एका वाघालाच कित्येक चौरस किलोमीटर रान लागते. बछडे दोन वर्षांचे झाले की आई त्यांना वेगळे करते. मग त्या पोराने जायचे कुठे? एका बाजूला पेंच, एका बाजूला उमरेड-कऱ्हांडला, पलीकडे मेळघाट, खाली ताडोबा. या सगळ्यांच्या मधे आपली शेते आहेत, नाले आहेत, रस्ते आहेत. म्हणजे धुऱ्यावर आलेला वाघ वाट चुकलेला नसतो. तो वाटेवर असतो.

तुम्हाला वाटेचे महत्त्व मी सांगावे का? पलीकडे वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. तिथून रुक्मिणीमातेची पालखी शेकडो वर्षे पंढरीला निघते. वाटेत कुणाचे शेत लागते, कुणाचा धुरा लागतो. त्या वाटेवर कुणी तार लावील का? २०१९ च्या जूनमध्ये, वारीच्याच दिवसांत, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचा मार्ग कळला. दिवसा झुडपात बसायचा, रात्री नाल्यानाल्याने, शेताशेताने चालायचा. महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले कितीतरी शिवार ओलांडून, तेराशेच्या आसपास किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. इतक्या धुऱ्यांपैकी एकाही धुऱ्यावर त्या रात्री खटका दाबलेला नव्हता, म्हणून तो पोहोचला. आपल्या बोरचा बाजीराव नावाचा मोठा वाघ इतका नशीबवान नव्हता. २०१७ च्या डिसेंबरात बाजारगावाजवळ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. कारंजाकडची वाघीण ऑक्टोबरात तारेने, बाजीराव डिसेंबरात रस्त्याने. महामार्ग आपल्या हाती नाही, त्यासाठी सरकारला जाब विचारू. धुरा मात्र आपल्या हाती आहे.

वाघ वाढत आहेत, हेही खरे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जागांत आपले मेळघाट होते. तरीही २००६ च्या गणनेत देशात १,४११ आणि महाराष्ट्रात १०३ वाघ उरले होते. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ झाले. कुणी म्हणतो, मग एक-दोन मेले तर काय बिघडले? ही गणिते सरकारला शोभतात. आपल्यासाठी जीव मोजायची रीत वेगळी आहे. आणि ज्याला धर्माची भाषा कळत नाही त्याच्यासाठी कायद्याची सांगतो: वाघाच्या हत्येला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास आहे. तारेने माणूस मेला तर त्याची कलमे वेगळी. तार लावणारा बहुतेक वेळा लहान शेतकरीच असतो. वकिलाच्या फीपायी त्याचे वावर जाते. चन्याचे एक पीक वाचवायला निघालेला माणूस शेतच गमावून बसतो.

मायबापहो, घोराडला केजाजी महाराजांच्या दर्शनाला तुम्ही जाता. आपण त्या स्थानाला विदर्भाची पंढरी मानतो. त्या गावाजवळून वाहणारी बोर नदी कुठून येते? त्याच जंगलातून, जिथे तो गुराखी गाई चारायचा आणि जिथे वाघ राहतो. जंगल राहिले म्हणून नदी राहिली, आणि वाघाचा धाक आहे म्हणून त्या जंगलात कुऱ्हाडीला थोडी भीती आहे. तीर्थात पाय धुवायचे आणि तीर्थाच्या राखणदाराला तारेवर घालायचे, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, माळ घालताना जसे मांस-मद्य सोडण्याचे वचन घेतो, तसे जिवंत तार न लावण्याचे वचन घ्यावे. ज्या महाराजांच्या हातून माळ पडते त्यांनी ते तोंडाने वदवून घ्यावे. दुसरी, सप्ताहाची तारीख देताना कीर्तनकाराने गावाला विचारावे, "तुमच्या शिवारात रात्री तार जोडतात का?" जोडत असतील तर तारीख देऊ नये, किंवा द्यावी आणि पहिले कीर्तन त्यावरच करावे. तिसरी, सप्ताहाच्या वर्गणीतून एका वर्षी मंडप लहान करावा, साउंड कमी लावावा आणि जंगलालगतच्या दोन गरीब शेतकऱ्यांना झटका मशीन घेऊन द्यावी. अन्नदानाइतकेच ते पुण्य आहे, कारण त्याने अन्नही वाचते आणि जीवही. चौथी, शेजाऱ्याच्या धुऱ्यावर तार दिसली तर त्याच्या घरी जाऊन, पाया पडून सांगावे. ऐकले नाही तर गावापुढे सांगावे. तरीही ऐकले नाही तर जिथे सांगायला हवे तिथे सांगावे. हे चहाडीत मोडत नाही. मी त्या वेळी सांगितले असते, तर त्या आईपुढे मान खाली घालावी लागली नसती.

ती बाई आता नाही. त्यांचे यजमान नाहीत, माझे यजमानही नाहीत. गुराखीही गेला असेल. त्याच्या प्रश्नाला मी आज उत्तर देतो आहे, हे त्याला कळणार नाही. माउलींकडे पाहुणा वाघावर बसून आला तेव्हा माउलींनी भिंत सामोरी नेली. वाघ पाहून भावंडे पळाली नाहीत, त्याला मारायलाही धावली नाहीत. कथा तिथे संपते, आणि वाघ ज्या वाटेने आला त्या वाटेने परत गेला असणार. त्या वाटेवर तेव्हा तार नव्हती.

या हंगामात तुमच्या शिवारात चना पेरला जाईल. घाटे भरतील, डुकरे येतील. त्या संध्याकाळी खटक्याकडे हात गेला तर तो हात आधी गळ्यातल्या माळेला लावून पाहा. एवढेच मागणे आहे.

रामकृष्णहरी.